सरकारच्या बाजूने

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



तुमच्या चिटणीसबाई मला बोलावण्यास आल्या, तेव्हा विषय तुम्हीच ठरवा असे मी त्यांना म्हटले. त्या जरा घुटमळल्या आणि मग म्हणाल्या, "ते गुंडांच्या खटल्यांबद्दलच सांगा. बायकांना तेच ऐकायचे आहे." मला हसू आले. मी सांडोरची लेक. सासर पापडीला, म्हणजे काही दूरदेशी नव्हे. तरीही मी पंचवीस-तीस वर्षे नेमके काय काम केले, हे माझ्या माहेरच्या गावाला अजून नीटसे ठाऊक नाही. कोणी म्हणते ही पोलिसांची वकील, कोणी म्हणते ही फाशी देणारी बाई. त्या दोन्ही समजुती आज थोड्या दुरुस्त करता आल्या तर पाहावे, एवढ्यासाठी उभी राहिले आहे.

सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील नव्हे, हे सर्वांत आधी सांगावयास हवे. पोलीस तपास करतात, पुरावा गोळा करतात आणि आरोपपत्र दाखल करतात. ते न्यायालयापुढे मांडण्याचे काम सरकारी वकिलाचे. पण त्याची बांधीलकी न्यायालयाशी आहे. शिक्षा झालीच पाहिजे या ईर्षेने त्याने खटला चालवू नये, आरोपीला उपयोगी पडणारी गोष्ट नजरेस आली तर ती दडपू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे अनेकदा बजावले आहे. ऐकायला हे सोपे वाटते. ते किती अवघड आहे, ते पुढे सांगते.

या धंद्यात बायका आल्या कशा, याचाही दोन वाक्यांत उल्लेख करते, कारण हे महिला मंडळ आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी इंग्लंडात कायद्याचा अभ्यास पुरा केला, पण इकडच्या न्यायालयांत वकील म्हणून उभे राहण्यास बायकांना मज्जाव होता. तो 1923 च्या कायद्याने उठला, आणि मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबईच्या उच्च न्यायालयात बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या. फौजदारी खटल्यांकडे मात्र बायका पुष्कळ उशिरा वळल्या. रोहिणी सालियन यांनी मुंबईच्या सत्र न्यायालयात सरकारतर्फे मोठमोठे खटले चालवले, तेव्हा आमच्यासारख्या धाकट्यांना धीर आला. मी 1984 साली सनद घेतली, तेव्हा आमच्या बाररूममध्ये बायकांसाठी एक बाक होता आणि त्यावर सहसा जुनी वर्तमानपत्रे ठेवलेली असत. असो.

आता गुंडांचा कायदा. एका माणसाने रागाच्या भरात दुसऱ्याचे डोके फोडले, तर तो साधा गुन्हा. पण दहा माणसांची टोळी आहे, एकजण धमकी देतो, दुसरा पैसे नेतो, तिसरा कागद करून घेतो, आणि ज्याच्या नावाने हे सारे चालते तो कधी जागेवर नसतोच, अशा वेळी साधा कायदा थकतो. ज्याच्या हातात सुरी सापडली तो तुरुंगात जातो आणि टोळी तशीच राहते. नव्वदच्या दशकात मुंबईत खंडणीचा असा काही सुळसुळाट झाला की इमारत बांधणारे, चित्रपटवाले, हॉटेलवाले सगळे टेलिफोनची घंटा वाजली की दचकत. 12 ऑगस्ट 1997 रोजी गुलशन कुमार यांची अंधेरीत भर दिवसा हत्या झाली, ते तुम्हांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. टाडा कायद्याची मुदत 1995 मध्येच संपली होती. त्यानंतर 1999 मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतःचा कायदा केला. तोच मोक्का. पुढे 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारीचे कलम आले, पण त्याचा वडील भाऊ आपला मोक्का.

हा कायदा कडक आहे, आणि कडक आहे म्हणूनच त्याला कुंपणेही घातलेली आहेत. टोळीवर गेल्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली हवीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. गुन्हा या कायद्याखाली नोंदवण्यापूर्वी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता हवी, आणि न्यायालयाने तो हाती घेण्यापूर्वी अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. मोक्काखाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेला चालतो. आरोपपत्रासाठी पोलिसांना 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि जामीन फार कठीण. म्हणजे ज्याचे नाव त्या यादीत लागले त्याने दोन-चार वर्षे तुरुंगात काढलीच असे समजावे, पुढे तो निर्दोष ठरो वा न ठरो. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा.

आपल्या तालुक्याला हा विषय परका नाही, हे मी तुम्हाला काय सांगावे! ऐंशीच्या दशकात मुंबई वाढत वाढत खाडीपलीकडे आली आणि केळीच्या, पानवेलीच्या वाड्यांना एकदम सोन्याचा भाव आला. जमिनीला भाव आला की तिच्या मागून कोण येते, ते आपण पाहिलेच. 9 ऑक्टोबर 1989 रोजी सुरेश दुबे नावाच्या बांधकाम व्यावसायिकाची नालासोपारा स्टेशनात गोळ्या घालून हत्या झाली. तो खटला टाडाखाली पुण्याच्या न्यायालयात चालला. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण त्यातला एक निकाल आम्हा वकिलांना पाठ आहे. जयेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, साल 2009. आरोपी फरारी आहे आणि लवकर सापडण्याजोगा नाही असे सिद्ध झाले, तर त्याच्या गैरहजेरीत साक्षी नोंदवून ठेवता येतात, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे 299 वे कलम होते. त्याप्रमाणे साक्षी नोंदवल्या गेल्या. पण ज्यांना फरारी धरले ते दिल्लीत दुसऱ्या प्रकरणात अटकेत होते! फरारीपणा सिद्धच झालेला नाही, तेव्हा त्या साक्षी त्यांच्याविरुद्ध वापरता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. कोण खरा, कोण खोटा, हे न्यायालयाने ठरवले आहे, त्यात मी पडत नाही. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, आरोपी कोठे आहे हे कागदावर नीट न दाखवल्यामुळे साक्षीदारांनी धीर करून दिलेल्या साक्षी त्याच्यापुरत्या बाद होतात. आमच्या कामात पिस्तुलापेक्षा कागद जास्त माणसे सोडवतो.

आता माझ्या एका खटल्याची गोष्ट. गाव सांगणार नाही, नावे सांगणार नाही, साल साधारण 2000 नंतरचे समजा. तालुका आपलाच, आणि तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात असल्यामुळे खटला ठाण्याच्या विशेष न्यायालयात.

एक विधवा बाई, वय साठीच्या घरात. मी त्यांना मावशी म्हणत असे. दीड एकराची वाडी, विहिरीवर मोटार, थोडी केळी, थोडा मोगरा. एके दिवशी सकाळी उठून पाहतात तो वाडीच्या कडेने पत्र्याचे कुंपण आणि कोण्या कंपनीची पाटी. चौकशीला गेल्या, तर त्यांच्याच अंगठ्याचे कुलमुखत्यारपत्र समोर ठेवले गेले. मावशी सही करीत, अंगठा कधी देत नसत! तक्रार केली तेव्हा रात्री एक चिठ्ठी आली: तक्रार मागे घे, शिवाय इतके पैसे दे. अशीच कुंपणे आणखी काही वाड्यांना पडली होती. त्यातल्या दोन-तीन माणसांनीच तोंड उघडले. टोळीच्या म्होरक्यावर आधीची आरोपपत्रे होती, म्हणून मोक्का लागला. आरोपी पाच. पाचवा एकोणीस वर्षांचा पोरगा. चिठ्ठी त्याने आणून दिली, असा आरोप.

खटला माझ्याकडे आला तेव्हा घरात काय झाले ते आधी सांगते, कारण तुम्ही मला चहाच्या वेळी तेच विचारणार आहात. मला संरक्षणाला एक पोलीस मिळाला. चांगला मुलगा होता, सातारकडचा. तो बंदूक घेऊन माझ्याबरोबर बाजारात येई. त्या दोन वर्षांत एकाही कोळणीने माझ्याशी भावात घासाघीस केली नाही आणि मला सगळी मासळी महाग पडली. सासूबाई त्याला दिवसातून पाच वेळा चहा देत आणि मला म्हणत, "तुझ्यापायी मला हे आणखी एक लेकरू झाले." माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. आई काय करते असे शाळेत कोणी विचारले तर 'कचेरीत जाते' म्हणून सांग, असे त्याला शिकवावे लागले. ते शिकवताना मला वाईट वाटले. गुंडाचा मुलगा आपल्या बापाचे नाव छाती काढून सांगत असेल, आणि माझ्या मुलाने आईचे काम लपवायचे!

खटल्याची तयारी म्हणजे वाचन. चित्रपटात सरकारी वकील टेबलावर मूठ आपटतो. खरा सरकारी वकील रात्री दोन वाजेपर्यंत पंचनामे वाचतो आणि डोळ्यांत औषध घालतो. मान्यतेचा कागद कोणत्या तारखेचा, मंजुरीचा कोणत्या, मुद्देमालाच्या पाकिटावरचे सील अन् पंचनाम्यातले सील एकच आहे का, कबुलीजबाब घेतल्यावर आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे केव्हा नेले. पोलिसांची डायरी असते, ती आरोपीच्या वकिलाला सहसा पाहायला मिळत नाही, मला मिळते. त्या डायरीत मला एका वर्कशॉपच्या मालकाचा जबाब सापडला. तो पाचवा पोरगा त्यांच्याकडे रात्रपाळीला होता, आणि चिठ्ठी आली त्या रात्री तो कामावर होता असे मालक सांगत होता. सोबत हजेरीपत्रकाची नक्कल. हा जबाब आरोपपत्राला जोडलेलाच नव्हता.

मी तपास अधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, "मॅडम, मालक खोटे बोलतो. आणि बाईंनी पोराला ओळखपरेडीत ओळखलेय. हा कागद बाहेर काढलात तर त्यांचा वकील म्हणेल, बाई पोराच्या बाबतीत चुकली तर म्होरक्याच्या बाबतीतही चुकली असेल. सगळा खटला बसेल."

भगिनींनो, ते म्हणत होते त्यात तथ्य होते. हेच मला तुमच्यापुढे मांडावयाचे आहे. माझ्याकडे बोलायला तयार असलेली मुख्य साक्षीदार एक, आणि तिच्या एका शब्दाविरुद्ध जाणारा कागद माझ्याच कपाटात. शेजारच्या वाडीचा मालक आदल्याच तारखेला फितूर झाला होता. 'मी काही पाहिले नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली,' असे त्याने साक्षीत सांगितले. त्याला मी दोष दिला नाही, आजही देत नाही. त्याची मुलगी रोज सकाळच्या लोकलने कॉलेजला जात असे, एवढेच मला ठाऊक आहे. पण मावशीही गेल्या तर टोळी सुटणार, आणि पत्र्याची कुंपणे आणखी पुढे सरकणार.

तीन दिवस मी तो कागद घेऊन वसईहून दादर, दादरहून ठाणे अशी फिरले. शेवटी काही फार थोर विचार करून निर्णय घेतला असे नाही. त्या पोराने तोवर तीन वर्षांवर तुरुंगात काढली होती, आणि माझ्या मुलाला सातवीतून दहावीला जायला जेवढा वेळ लागेल तेवढा तो वेळ होता, हे एका रात्री डोक्यात आले. दुसऱ्या दिवशी जबाबाची व हजेरीपत्रकाची नक्कल मी न्यायालयात दाखल केली आणि आरोपीच्या वकिलांना दिली. (आता 2021 पासून, पोलिसांनी न वापरलेल्या जबाबांची आणि कागदांची यादी आरोपीला दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तेव्हा तो प्रश्न ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेला होता.) तपास अधिकारी व्हरांड्यात मला म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतेच बोलत.

मावशींची साक्ष दोन दिवस चालली. त्या वसईहून एस. टी. ने घोडबंदर मार्गे येत, बरोबर जुनी कापडी पिशवी. साक्षीदाराने काय बोलावे हे मी शिकवू शकत नाही. फक्त म्हटले, "मावशी, दिसले ते सांगा, न दिसले ते दिसले म्हणू नका." उलटतपासणीला ठाण्यातले नामांकित वकील. ते म्हणाले, बाई, तुम्हाला कालची गोष्ट आठवत नाही, चार वर्षांपूर्वीची तारीख कशी आठवते? मावशींनी पिशवीत हात घातला आणि एक मळकी पावती काढली. कुंपण पडले त्याच्या आदल्या दिवशी विहिरीवरची मोटार जळाली होती, ती गुंडाळायला दिल्याची दुकानदाराची पावती, तारखेसह. "मोटार नाही म्हणून त्या रात्री शिंपण केले नाही, म्हणून लवकर निजले, म्हणून ठोकाठोक ऐकू आली नाही, कोंबडी आरवली तेव्हा उठले," अशी त्यांनी माळच लावली. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून ऐकले. ती पावती पुराव्यात दाखल करून घेण्यासाठी मला वेगळा अर्ज करावा लागला, दुसऱ्या बाजूने कडाडून विरोध झाला, पण ती दाखल झाली.

मग प्रश्न पोराचा आला. चिठ्ठी याच मुलाने आणली का? मावशी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "अंधार होता. ओटीवर दिवा नव्हता. तहसीलदारांपुढे उभे केले तेव्हा हाच वाटला. आज पक्के सांगवत नाही." माझ्या मागे बसलेल्या पैरवीच्या हवालदाराने सुस्कारा टाकला, तो मला ऐकू आला. मला वाटले, संपले.

तसे झाले नाही. युक्तिवादात मी न्यायालयाला सांगितले की, पाचव्या आरोपीविरुद्ध विश्वासार्ह पुरावा नाही आणि सरकारपक्ष त्याच्या शिक्षेचा आग्रह धरीत नाही. बाकीच्यांबद्दल कुलमुखत्यारपत्रावरचा अंगठा, टेलिफोनची नोंद, कबुलीजबाब आणि मावशींची साक्ष हे सारे एकमेकांशी जुळते, ते मी दोन दिवस मांडले. निकाल लागला तेव्हा म्होरक्याला व त्याच्या दोघा साथीदारांना शिक्षा झाली, एकजण संशयाचा फायदा मिळून सुटला आणि पोरगा निर्दोष. निकालपत्रात मावशींबद्दल लिहिले होते की, ही साक्षीदार जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगते, त्यामुळे ती जे ठाऊक आहे म्हणते त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. मी ते पान अजून जपून ठेवले आहे.

तुम्हाला वाटेल, सगळे गोड झाले. तसेही नाही. निकालानंतर आठ दिवसांत सगळीकडे बोलले जाऊ लागले की सरकारी वकीलबाईंनी पैसे खाऊन दोघांना सोडवले. पोराच्या घरचे भाड्याच्या खोलीत राहणारे, त्यांच्याकडे मला द्यायला काय होते, हा विचार कोणी केला नाही. ती बातमी सांडोरलाही आली. माझी आई सकाळी मिस्सेहून परतत होती, तेव्हा वाटेत तिला एका बाईने ते तोंडावर सांगितले. कोणी सांगितले ते आईने मला मरेपर्यंत सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या रविवारी मी आईकडे गेले. ती चुलीपुढे बसून सुकेळी बांधीत होती. मान वर न करता म्हणाली, "बाय, तो पोरगा घरी गेला का?" मी म्हटले, गेला. "त्याची आई आहे?" मी म्हटले, आहे, दर तारखेला कोर्टाच्या पायरीवर बसलेली असे. आई बरे म्हणाली आणि मला दोन गड्ड्या सुकेळी बांधून दिली, एक सासूबाईंना आणि एक त्या सातारकर पोलिसाला.

मोठ्या खटल्यांची नावे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. 12 मार्च 1993 च्या मुंबईच्या बाँबस्फोटांत 257 माणसे गेली. तो खटला आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात वर्षानुवर्षे चालला, उज्ज्वल निकम सरकारचे वकील होते, सरकारपक्षाने 684 साक्षीदार तपासले. 123 आरोपींपैकी 100 दोषी ठरले आणि 23 सुटले. एवढ्या संतापाच्या खटल्यातही 23 सुटले, हा आकडा मी नव्या वकिलांना मुद्दाम सांगते. आणि 684 हाही सांगते. त्यात फार थोडे मोठे साहेब, बाकी पंच, दुकानदार, घरमालक, टॅक्सीवाले. त्यांनी मजुरी बुडवून यायचे, बाकावर दुपारपर्यंत बसायचे, आणि पुढची तारीख घेऊन परत जायचे. भत्ता मिळतो तो प्रवासालाही पुरत नाही. साक्षीदार कोर्टात येत नाहीत म्हणून आपण नाक मुरडतो, पण बायकांना बसायला जागा आणि धड मोरी तरी किती कोर्टांत होती? मावशी सकाळपासून पाणी पीत नसत, का ते तुम्हाला सांगायला नको.

थोडे बरे झाले आहे. मोक्कामध्येच साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची आणि बंद दाराआड साक्ष घेण्याची तरतूद आहे. 2018 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षणाची योजना देशभर लागू केली. धोका असेल तर साक्षीदाराला स्वतः अर्ज करता येतो, तो जिल्ह्याच्या समितीपुढे जातो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. आता आपला पालघर जिल्हा 2014 पासून वेगळा झाला आहे, 2020 पासून आपल्याला मीरा-भाईंदर, वसई-विरारचे वेगळे पोलीस आयुक्तालयही आहे. तेव्हा कोणाच्या घरी समन्स आले आणि भीती वाटली, तर आधी त्या खटल्याच्या सरकारी वकिलाला गाठून त्या अर्जाबद्दल विचारा. मंडळाच्या कपाटात त्या योजनेची मराठी माहिती ठेवता आली तर पाहा, असे मी अध्यक्षाबाईंना सुचवले आहे. त्या हो म्हणाल्या आहेत.

मावशी निकालानंतर सहा वर्षे जगल्या. वाडी त्यांच्याच नावावर राहिली. आता ती त्यांच्या नातवाकडे आहे, मोगरा गेला, केळी आहेत. त्या पोराला मी एकदाच पाहिल्यासारखे वाटते, वसई रोड स्टेशनच्या पुलावर, हातात जेवणाचा डबा होता. त्याने ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

अध्यक्षाबाईंनी घड्याळ पुढे सरकवले आहे, तेव्हा थांबते. तुम्ही जरूर प्रश्न विचारा. फक्त सध्या चालू असलेल्या कोणत्याही खटल्याबद्दल विचारू नका, आणि मला त्या काळी पगार किती होता हेही विचारू नका. ते ऐकून धाकट्या मुलींपैकी कोणी सरकारी वकील व्हायचीच नाही.